एवढी माणसं ढकलताना

गाडी सुरू केली की मामा एक हात वर करायचे. म्हणजे आत बसलेल्या सगळ्यांनी गप्प बसायचं. इंजिन मनासारखं ऐकून झालं की हात खाली यायचा आणि ते म्हणायचे, "आवाज न्हाय, म्हंजे आजार न्हाय. चला."

राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. सगळी गल्ली ज्यांना मामा म्हणायची, त्यांची भाडी मारायची स्वतःची डिझेल गाडी दुकानासमोर उभी असायची. बायको गेली, मुलगी चंदगडला दिली. त्यानंतर त्यांचं म्हणून जे उरलं होतं, ते ही गाडीच. गल्लीतल्या एका मुलीच्या पाठवणीला ती हमसून हमसून रडत गाडीत बसली. मामांनी हात वर केला. "बाळ, जरा थांब. मग रड." ती खरंच थांबली. हात खाली गेल्यावर बिचारीनं पुन्हा सुरुवात केली.

स्वतःच्या कानापुढं डॉक्टरचंही न ऐकणारं एखादं माणूस तुमच्या ओळखीत असेलच. मेकॅनिक त्यांच्या मागं लागला होता.

"मामा, टायमिंग बेल्ट बदलूया. लई चाललाय."

"आवाज येतोय काय त्येचा?"

"बेल्टला आवाज नसतोय. योकदम तुटतोय, आनि इंजिन घिऊन जातोय."

"मग ऱ्हाऊ दे की."

सासऱ्यांना भेटून मी मामांच्याच गाडीतून कोकणातून परत येत होतो. गाडी घाट चढून आली, गगनबावडा मागं पडला आणि इंजिन एकाएकी बंद पडलं. धक्का नाही, धूर नाही. मामांनी किल्ली फिरवायच्या आधी सवयीनं हात वर केला. आत काहीतरी मोकळंच फिरल्यासारखं झालं.

आपल्याकडं बंद गाडी दिसली की माणसं विचारत बसत नाहीत. चहाच्या टपरीवरचे चौघेजण बाह्या सरसावून आले. "पावणं, गिअरात टाका. आमी ढकलतोय." मीही उतरून ढकलायला लागलो. गाडीनं वेग घेतला, मामांनी क्लच सोडला आणि आतून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला. आम्ही थांबून त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "परत ढकला." दुसऱ्या खेपेला इंजिन जागीच जाम झालं.

मेकॅनिकनं इंजिन उघडलं, तेव्हा मी तिथंच होतो. व्हॉल्व्ह वाकलेले, एका पिस्टनला भोक. "बेल्ट तुटला तवाच व्हॉल्व्ह वाकलं मामा. पर ढकलून जे ऱ्हायलं हुतं, ते बी गेलं. आवाज आला नसंल काय?"

"आलता की."

"मग?"

मामांनी त्या पिस्टनच्या भोकावरून बोट फिरवलं. "एवढी मान्सं ढकलाय लागलीती," ते म्हणाले. "नगो कसं म्हनायचं?"

मेकॅनिकनं पिस्टन फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला.

गाडी दुरुस्त करण्यात राम नव्हता. ओढून आणून ती दुकानासमोर लावली. मामा रोज येऊन काचा पुसायचे आणि आत जाऊन बसायचे. कुणी चौकशी केली तर "बसलोय" एवढंच म्हणायचे. शेवटी भंगारवाल्याचा टेम्पो आला. फळ्या लावल्या, गल्लीतली माणसं गोळा झाली. स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं होतं. मामा पुढं झाले, दार लावून घेतलं. आम्ही मागं हात टेकवून उभे राहिलो, पण कुणाचा जोर लावायचा धीर होईना.

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"ढकला की. आता काय बिगडत न्हाय."

आम्ही ढकललं. गाडी सरळ फळ्यांवरून टेम्पोत चढली. मामांनी हँडब्रेक ओढला, खाली उतरले आणि ढकलणाऱ्या प्रत्येकापुढं जाऊन हात जोडले. त्याच आठवड्यात ते मुलीकडं चंदगडला गेले, ते परत आले नाहीत.