माह्या सुनेचा इंग्रजी शिकवाचा ब्लॉग

सकाळपासून सारे मोबाईलवर माह्या सुनेच्या फोटोखाली हात जोडून राह्यले. तिचा ब्लॉग मोडला तवा कुठी होते रे तुमी?

आता रामराम.

कल्पना जाऊन आज वर्ष झालं. काविळीनं गेली.

लय गुणाची होती असं काई मी सांगत नाई. भांडे आपटे. उलटून बोले. मीही कमी नाई.

पन जानेफळात बसून तिनं बायाइसाठी इंग्रजीचा ब्लॉग केला. बारावी शिकलेली बाई. आधी सोता मोबाईलवर शिकली, मंग दुसऱ्याइले शिकवाले बसली.

एका पानावर एकच काम. दवाखाना. बँक. पोरीच्या शाळेतली मीटिंग.

वर मोठ्या अक्षरात आपली बोली, "एक्स-रेची खोली कुठी हाय?" खाली इंग्रजी, तेही आपल्याच अक्षरात. बाजूले लाल बटन. दाबलं की कल्पना सावकाश दोनदा बोले.

नवं पान झालं की मोबाईल माह्या हातात देई. मी तूर निवडत असो का जेवत असो. सोता तोंड शिवून बसे अन माहा अंगठा कुठी अडकते ते पाहे. अडकला की पान पुन्हा करे.

एकदा मी चिडली. म्हटलं, तुह्या परयोगाले मीच सापडली का वं?

म्हने, "आत्याबाई, तुमाले जमलं त साऱ्या तालुक्याले जमते."

शिवीच होती ते. पन खरी होती.

पानाखाली कमेंटच्या डब्यात बाया नाव टाकत. पिंकीची आई. सोनूची आई. कल्पना आधी एकच विचारे, तुमचं सोताचं नाव काय? ते "माय नेम इज" लावून लिवा, मंग पुढचं.

एका बाईले ते लिवाले तीन दिवस लागले.

तेरवी झाली अन माही नात नेहा म्हने, आजी, मम्मीचा ब्लॉग नीट करते. नेहा पुण्याले कंपनीत हाय. पासवर्ड तिच्यापाशी.

मी म्हटलं, कर. मंग पाह्यलंही नाई. मोबाईल हातात घ्यावासा वाटे नाई तवा. ते माहं चुकलं.

काल उघडून पाह्यला. नीट केला म्हन्जे काय केलं?

काळा रंग. मुंगीएवढे अक्षर. वर सारं इंग्रजी. जिले इंग्रजी येत नाई, तिनं शिकाचं बटन इंग्रजीत शोधाचं!

दात दाखवणारी कोनती गोरी बाई बसवली. अन कल्पनाचा आवाज काढून मशीनचा टाकला.

मी फोन केला. आवाज काऊन काढला, म्हटलं.

"आजी, मागे कुकरच्या शिट्ट्या येतात. म्हशी ओरडतात. प्रोफेशनल नाही वाटत. ऑफिसमध्ये हसले लोक."

"तुह्या ऑफिसातल्याइले इंग्रजी शिकाचं होतं का?"

तिनं फोन ठेवला.

आज तिनं आईवर मोठी पोस्ट टाकली. इंग्रजीत. मले वाचता येत नाई. ज्या बायाइसाठी तिची आई मरेस्तोर खपली, त्याइलेही येत नाई.

अन ब्लॉगवर आठ दिवसापासून एक प्रश्न तसाच पडेल हाय.

धामणगावची वंदना. त्या काळ्या पानावर तिनं कसातरी डबा शोधला. येत्या सोमवारी एका दवाखान्यात काउंटरवरच्या नोकरीची मुलाखत हाय तिची.

लिवते, "माय नेम इज वंदना. ताई, नवऱ्यानं सोडलं हे इंग्रजीत कसं सांगाचं? का सांगूच नाई?"

तिले ठाऊकच नाई ताई गेली म्हनून. नव्या पानावर ते कुठी लिवेलच नाई.

मले उत्तर येत असतं त कालच देल्लं असतं. मले नाई येत. नेहाले येते.

कल्पना, जाय बाई. तुह्यावर फुलं वाहाले मले वेळ नाई, तुहं काम पडेल हाय.

नेहा, वंदनाले उत्तर तूच द्याचं. बाकी कोनी मधात लिवाचं नाई. आधी सांग का ताई गेली, मी तिची पोरगी. मंग सोमवारी तिनं काय बोलाचं ते सांग, अन तुह्या सोताच्या आवाजात सांग.