एका बटणाचा रिमोट

माझ्या वहिनीला सगळे कॉलरवाली म्हणायचे. शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवणारे आमच्या भागात पाच-सहा जण होते, पण कॉलर लावावी तर तिनेच. दुसरीकडे शिवलेला शर्ट लोक कॉलर उसवून तिच्याकडे घेऊन यायचे. "गळा चुकला की चांगला माणूसही चोरासारखा दिसतो," असं ती म्हणायची आणि हातातलं काम खाली न ठेवता हसायची. सव्वीस वर्षं ती त्या मशीनवर बसली.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, लिफ्टचा मेकॅनिक आहे. मी त्यांच्यापासून दोन इमारती सोडून राहते. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे त्या घरात जे काही झालं ते आम्हा तिघांतच झालं.

सुरुवात कात्रीपासून झाली. कात्री हातातून सुटायला लागली. वहिनीने दोष कात्रीला दिला, धार लावून आणली, मग नवी घेतली. नवीही सुटली. मग एक दिवस ती स्वतःच्या ब्लाउजची बटणं लावता येईनात म्हणून पलंगावर नुसती बसून राहिलेली दादाला दिसली. तपासण्या झाल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "एकेक स्नायू काम थांबवत जाईल. हात, पाय, बोलणं, गिळणं. याच्यावर औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील."

शेवटचं वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "तेवढं तरी आधी जायला हवं होतं."

वर्षभरात तिचा मुक्काम हॉलमधल्या खुर्चीत आला. त्या हॉलमध्ये दादाचा सगळा जीव होता. भिंतीवर मोठा टीव्ही, खाली चॅनेलचा बॉक्स, त्याच्या शेजारी ॲम्प्लिफायर, दोन उंच स्पीकर आणि जुना डिस्क प्लेअर. टीपॉयवर चार रिमोट ओळीने. कोणता कशाचा, कोणता आधी दाबायचा, हे फक्त दादाला ठाऊक. वहिनीने त्यांना कधी हात लावला नव्हता. "तुमचं विमान तुम्हीच उडवा," म्हणायची आणि मशीनवर जाऊन बसायची.

आता तेच विमान दिवसभर तिच्यासमोर होतं. सकाळी एक बाई यायच्या, वहिनीचं सगळं आवरून दहाला जायच्या. मी लायब्ररीतून सुटून एक वाजता जेवण भरवायला जायची आणि दोनला पुन्हा कामावर पळायची. दादा साडेपाचला यायचा. मधल्या वेळात टीव्ही चालू असायचा, आम्ही लावून दिलेल्या चॅनेलवर.

एका दुपारी मी चॅनेल लावून गेले आणि दहा मिनिटांत तो कार्यक्रम संपला. त्यानंतर सुऱ्यांची जाहिरात सुरू झाली. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचा सात नगांचा संच. एक माणूस टोमॅटो कापत होता आणि एक बाई प्रत्येक कापाला थक्क होत होती. तीन तास तेच. दादा घरी आला तेव्हा वहिनी त्याला म्हणाली, "अहो, तो सातवा सुरा पावाचा आहे. मला आता सगळे पाठ आहेत."

बोलताना ती हसली. दादा मात्र स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो ठरवूनच, की चार रिमोटच्या जागी एकच घ्यायचा, सगळ्या यंत्रांना चालेल असा, आणि तो वहिनीच्या हातात द्यायचा.

शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर युनिव्हर्सल रिमोटची रांगच लावली. एकावर पन्नास बटणं. एकावर बटणंच नाहीत, नुसती काच. एक बोलून चालणारा. एक म्हाताऱ्या माणसांसाठी, मोठ्या बटणांचा. दादा प्रत्येकाचं बटण अंगठ्याने हळूच दाबून बघत होता.

"याला जोर किती लागतो?" त्याने विचारलं.

"जोर? साहेब, रिमोटला कसला जोर?"

"लागतो ना. लिफ्टच्या बटणालाही लागतो. काहींना कमी लागतो, काहींना जास्त."

दुकानदाराने स्वतः एक बटण दाबून पाहिलं, जणू पहिल्यांदाच दाबतोय. "असं कोणी विचारलं नाही आजवर," तो म्हणाला. "बोलायचा घेऊन जा. बोट लावायची गरजच नाही."

दादा एकदम म्हणाला, "नको. तिचा उजवा अंगठा चांगला आहे."

मला वाटतं, तेव्हा त्याला बोलणारा रिमोट परवडणारा नव्हता. तो घेतला असता तर हात गेले हे मान्य करावं लागलं असतं. आम्ही मोठ्या बटणांचा घेतला.

जुना रिमोट नव्याच्या समोर धरायचा, एक बटण इकडे दाबायचं, एक तिकडे, मग दिवा लुकलुकला की नव्या रिमोटने ते शिकलं, अशी त्याची पद्धत होती. दादा रोज कामावरून आला की टीपॉयपाशी मांडी घालून बसायचा. एकच बटण दाबलं की टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर तिन्ही आपापल्या क्रमाने चालू व्हावेत, असा त्याचा हट्ट. ॲम्प्लिफायरचं बटण तो रिमोट काही केल्या शिकेना. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी जमलं, आणि त्याने रिमोट वहिनीच्या मांडीवर ठेवला, अंगठा बटणावर नेऊन ठेवला.

अंगठा हलला. बटण दाबलं गेलं नाही.

"रिमोट खाली वळलाय, म्हणून," दादा म्हणाला आणि तो सरळ केला. पुन्हा तेच झालं. त्याने आणखी दोनदा जागा बदलली. वहिनी त्याच्याकडे बघत होती. "अहो," ती शेवटी म्हणाली, "गेल्या आठवड्यात हातात दिला असता तर दाबलं असतं मी."

दुसऱ्या दिवशी दादा एकटाच दुकानात गेला आणि बोलून चालणारा घेऊन आला. तोपर्यंत वहिनीची जीभ जड झाली होती. आम्हाला तिचं सगळं कळायचं. त्या यंत्राला कळेना. ती म्हणायची, "आवाज कमी." यंत्र म्हणायचं, "समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा." किती गोड आवाज होता त्याचा. पाचव्या दिवशी मी एक वाजता दार उघडलं तर आतून तेच ऐकू येत होतं, कृपया पुन्हा सांगा, कृपया पुन्हा सांगा. वहिनीची मान खाली गेली होती आणि गाल ओले होते. पुसायला हात कुठे होता तिला.

मी ते यंत्र उपटलं आणि कपाटात टाकलं. त्या दुपारी मी कामावर गेलेच नाही.

मग दादाने मोठ्या बटणांचा रिमोट पुन्हा बाहेर काढला, त्याचं पोट उघडलं आणि एका बटणाच्या दोन तारा बाहेर काढल्या. लिफ्टच्या दारात एक बारीक स्विच असतो, केसाच्या स्पर्शानेही लागणारा. तसा एक त्याने तारांच्या टोकाला जोडला आणि खुर्चीच्या डोक्याकडच्या उशीला बांधला. वहिनीची मान डावीकडे अजून बोटभर हलत होती. गाल टेकला की टिक.

"एकच बटण जोडता येतंय," तो मला म्हणाला. "कोणतं जोडू? चॅनेल पुढे जायचं जोडतो. एकेक करत सगळी येतील. की आवाज?"

आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. ती समोर बसली होती.

मग तिच्या घशातून आवाज आला. दादा तिच्या तोंडाजवळ कान घेऊन गेला. तिने दोनदा सांगितलं. तो सरळ उभा राहिला.

"काय म्हणते?"

"बंद," तो म्हणाला. "तिला बंद करायचं बटण हवंय."

"जोड ना मग."

"चालूचं बटण वेगळं आहे. एकदा बंद झाला की तिला चालू करता येणार नाही. दिवसभर एकटी बसेल अशी, शांततेत."

वहिनीने डोळे मिटून उघडले. हो म्हणण्याची तिची ती खूण होती.

त्याने ते जोडलं. पहिल्या दिवशी मी एक वाजता गेले तर टीव्ही बंद. हॉलमध्ये नुसता रस्त्याचा आवाज येत होता. वहिनी खिडकीकडे बघत होती. बऱ्याच महिन्यांत तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता. दादाला मात्र ते बघवलं नाही. रोज साडेपाचला दार उघडायच्या आधी तो बाहेर उभा राहून कान द्यायचा, आणि आतून टीव्हीचा आवाज नाही म्हटल्यावर किल्ली हातात धरून तिथेच थांबायचा. टीव्ही बंद करून तिने आपल्यालाच बाहेर काढलं, असं त्याला वाटत राहिलं. मी त्याला समजावलं नाही. मला खात्री नव्हती.

हे सात आठवडे चाललं.

आठव्या आठवड्यात एका मंगळवारी मी गेले तेव्हा टीव्ही चालू होता. खेळाचा कुठला तरी सामना, लोकांचा गलका. गाल उशीपासून बोटभर दूर होता आणि तिथेच राहिला होता. तिचे डोळे माझ्याकडे वळले, मग टीव्हीकडे, पुन्हा माझ्याकडे. मी तो बंद केला. दादाने संध्याकाळी स्विच आणखी पुढे सरकवला. दोन दिवस भागलं. मग मानेने हलणं सोडलं.

त्यानंतर दादाने रजा घेतली आणि शेजारी खुर्ची टाकून बसला. "हे ठेवू? पुढचं लावू? बंद करू?" असं विचारत राहायचा. डोळ्यांची उघडझापही मंदावली होती, त्यामुळे उत्तर कोणतं आणि दमलेल्या पापण्या कोणत्या, हे त्याला कळेना. तो ते मान्य करत नव्हता. "हो म्हणाली," असं मला सांगायचा आणि चॅनेल बदलायचा. मी वहिनीकडे बघायची. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला वाचता आलं नाही, आणि वाचता आलं असं मी त्याला खोटंच सांगत राहिले.

छातीत कफ भरला म्हणून तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. चौथ्या दिवशी सकाळी गेली. डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं, डॉक्टर पुन्हा म्हणाले.

दादा कामावर जातो. घरी आला की टीव्ही लावतो, आवाज मोठा ठेवतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. मी गेले की आधी तो बंद करते. मी निघाले की जिन्यापर्यंत पोचायच्या आत आवाज पुन्हा सुरू होतो.