कोळपेआप्पांचा महागाचा कॅमेरा

कोळपेआप्पा दुकानात आले की आधी खिशातून भिंग काढायचे. रामराम, चहापाणी सगळं नंतर. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान. छापलेला फ्लेक्स वाळायला भिंतीवर टांगलेला असायचा, आणि दहातल्या सात वेळा तो कुणाच्या तरी दशक्रियेचा असायचा. आप्पा त्या मयत माणसाच्या तोंडाला भिंग लावायचे, कपाळापासून हनुवटीपर्यंत तपासत खाली यायचे आणि मान हलवून म्हणायचे, "नापास."

पहिल्या दिवशी मला असला राग आला! कोण कुठला म्हातारा, ना ओळख ना पाळख, आणि भर गिऱ्हाइकात माझ्या मालाला नावं ठेवतो. "काय नापास आहे हो?" मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "ह्यो कोट ह्याचा न्हाई, तुझा हाय. तोंडावर उजेड हिकडनं पडलाय आन् कोटावर तिकडनं. मानूस मेलाय म्हणून वाटंल तसं जोडायचं व्हय?"

खरं होतं ते. लोक फोटो तरी कसले आणायचे! कुणी लग्नाच्या घोळक्यातला, कुणी मतदार ओळखपत्रावरचा, कुणी रेशनकार्डावरचा. मी त्यातलं डोकं कापायचो, कॉम्प्युटरमधल्या तयार कोटावर बसवायचो, मागं ढग सोडायचो. जन्मात ज्यांनी कोट घातला नाही ते मेल्यावर साहेब होऊन चौकात उभे राहायचे आणि घरचे खूश व्हायचे. आधी मी पेंटर होतो, पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवायचो. फ्लेक्स आला तसे ब्रश माळ्यावर टाकले आणि माउस धरला. आप्पा मात्र मला शेवटपर्यंत "पेंटर" म्हणूनच हाक मारत होते.

मांडवगण फराट्याकडचं मेंढपाळाचं घर त्यांचं. भाऊ मेंढरांमागं गेले आणि हे एकटे निघाले पिंपरीला. तिथल्या एका कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शनला होते. आलेला सुटा भाग मापायचा, बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. निवृत्त झाल्यावर रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागले आणि कारेगावात एक खोली घेऊन राहिले. चाळीत सगळे परप्रांतीय कामगार. तिन्ही पाळ्यांना माणसं येत-जात असायची, पण आप्पांच्या दाराची कडी वाजवणारं कुणी नव्हतं. दर गुरुवारी सुट्टी, म्हणून दर गुरुवारी शिरूर. "तिकडं खोलीत बसून करू काय? भिंती मापून झाल्या समद्या," ते म्हणायचे आणि हसायचे. मला हसू यायचं नाही.

एका गुरुवारी त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पुण्यातल्या दुकानातून आणलेलं एका डिजिटल कॅमेऱ्याचं माहितीपत्रक. मुठीत मावेल एवढा, धातूच्या अंगाचा आणि किंमत अशी की चांगली जुनी मोटारसायकल दारात उभी राहिली असती. तो काळ असा होता की निम्म्या शिरूरकडं अजून रोलचे कॅमेरे होते. मी म्हणालो, "आप्पा, डोकं ठिकाणावर आहे ना? एवढ्याशा डबीला एवढे पैसे?"

"त्येच तर ठरवायचंय," आप्पा म्हणाले. "माल बघितल्याबिगर मी हो म्हणत न्हाई आन् नाही बी म्हणत न्हाई."

मग सुरू झालं त्यांचं इन्स्पेक्शन. चार महिने! शेजारच्या बिहारी कामगाराचा स्वस्तातला कॅमेरा मागून आणला, त्या कॅमेऱ्यानं खोलीत फोटो काढला आणि मला तो फ्लेक्सएवढा मोठा करायला लावला. तोंडाचे नुसते चौकोन चौकोन झाले. नापास. मोबाइलवरचा फोटो तर त्यांनी भिंग न लावताच नापास केला. मग एक मेमरी कार्ड विकत घेऊन पुण्याला गेले, दुकानदाराच्या हातापाया पडून त्या महागाच्या कॅमेऱ्यानं काउंटरवरच्या बाईचा एक फोटो काढून आणला. तो छापून भिंतीवर लावला तेव्हा मीसुद्धा जवळ जाऊन बघत राहिलो. ट्यूबलाइटच्या उजेडातही त्या बाईच्या नाकातली चमकी आणि चमकीशेजारचा बारीक वण मोजून घ्यावा इतका स्वच्छ होता. आप्पा भिंग लावून कितीतरी वेळ त्या चमकीपाशीच उभे राहिले.

"पास हाय," ते म्हणाले. "पर पैशाला पुरा पडंल का, त्ये अजून म्हाईत न्हाई."

मला वाटलं, म्हातारा जिवंतपणी स्वतःच्याच दशक्रियेच्या फोटोची तयारी करतोय. हसूही आलं आणि वैतागही. म्हटलं, समोरच्या स्टुडिओत पन्नास रुपयांत फोटो निघतो, त्यासाठी जन्माची शिल्लक उडवायची? एका गुरुवारी मशीन बिघडलेलं, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं, आणि आप्पा पुन्हा तेच माहितीपत्रक घेऊन आले. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आप्पा, तुमचा फ्लेक्स लावणार आहे तरी कोण?"

माझी जीभ झडायला हवी होती त्या दिवशी. आप्पांनी माहितीपत्रकाची घडी घातली, खिशात ठेवली आणि चहा न पिता निघून गेले. पुढचे कितीतरी गुरुवार आले नाहीत. मी कारेगावला जाऊन माफी मागायला हवी होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, गेलो नाही.

दिवाळीनंतर ते आले ते कॅमेरा घेऊनच. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बस. तुला वाटलं माझ्या फोटूसाठी हाय ह्यो. माझ्या थोबाडाचं काय करायचंय कुणाला?" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नसावं.

त्यांचं लग्न झालं होतं. तुळसाबाई, भांडगावची. संसार अडीच वर्षांचा. काविळीनं गेली तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. फोटो एकही नाही. मेंढपाळाच्या लग्नात तेव्हा कुठला आलाय फोटोवाला! "पयली धा-वीस वर्सं डोळं मिटलं की समोर यायची," आप्पा म्हणाले. "मग झिजत झिजत गेली, पेंटर. आता चमकी आठीवती. डाव्या गालावर देवीचा एक वण व्हता, त्यो आठीवतो. पर चेहरा न्हाई येत. बायकूचा चेहरा इसरलेला मानूस हाय मी."

भांडगावात तुळसाबाईंची धाकटी बहीण होती, सखूबाई. बहीण वारली तेव्हा ती आठ वर्षांची. आप्पांनी पुन्हा लग्न केलं नाही, म्हणून तिच्या लेखी ते अजून तिचे दाजीच होते. सणासुदीला एवढं एकच घर त्यांना बोलवायचं. आप्पांचा हिशेब सरळ होता. रक्त एक आहे, म्हणजे सुटे भाग कुठेतरी असणारच. डोळे एकीकडे, नाक दुसरीकडे. ते सगळे टिपायचे आणि माझ्याकडून जोडून घ्यायचे. "सखू फोटूवाला बघितला की पदर तोंडावर घेती. खिशातनं काढला, टिपला, ठिवला, असाच कॅमेरा पायजे. आन् घरातल्या अंधारात नीट दिसाया पायजे. आता सांग, पैशाला पुरा पडंल का न्हाई?"

मी म्हणालो, "आणा फोटो."

तीन महिने ते पाळी सुटली की भांडगावच्या वाऱ्या करत होते. सखूबाई चुलीपाशी, सखूबाईची लेक धुणं वाळत घालताना, तिचा मुलगा ट्रॅक्टरवर, चुलतमावशी उन्हात बसलेली. फोटो म्हणाल तर एक नंबर. दर गुरुवारी आम्ही बसायचो. मी एकीचे डोळे घ्यायचो, दुसरीची जिवणी बसवायचो, वय उतरवायचो, सुरकुत्या पुसायचो. आप्पा शेजारी स्टुलावर. "भुवया नापास. जरा जवळ घे. कपाळ पास. हनुवटी लेकीची नको, पोराची घे, त्येची आजीवर गेलीया." माझी गिऱ्हाइकं ताटकळायची, बायको घरी शिव्या घालायची, पण मला त्या कामाचं वेड लागलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी कोट न घालता जोडत होतो.

माघाच्या थंडीत एका गुरुवारी मी गालावरचा वण ठेवला आणि हात काढून घेतला. पडद्यावर एकोणीस वर्षांची मुलगी आमच्याकडं बघत होती. आप्पांनी भिंग काढलं नाही. ते म्हणाले, "तुळसा." मग रुमाल शोधत राहिले, तो सापडेना, तेव्हा मी माझा दिला. दोन प्रती छापून घेतल्या, एक स्वतःला, एक सखूबाईला. त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

पंधरवड्यानं आले ते वाळल्यासारखे. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पुसून टाक."

"काय?"

"त्यो फोटू. मशीनमधनं पुसून टाक. माझ्यासमोर."

मला वाटलं, मी काही चुकलो. डोळे बदलू का, नाक बदलू का, असं मी विचारत राहिलो. त्यांनी हात वर केला. "तू काय चुकला न्हाईस. ती ती न्हाई, पेंटर. चार दिस वाटलं ती हाय. मग एक दिवस तिचं काय तरी आठवलं, मेंढरं कोंडायच्या वाघरात, जाळीत, कोकरू हुडकत व्हती त्ये, आन् मान वळवून माझ्याकडं बघितलं तर तोंड हिचं! आधी धुरकट का असंना, तीच यायची. आता डोळं मिटलं की तुझी ही पोरगी येती. तिला घालवली मी. माझ्या हातानं."

मी फाइल पुसली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दोनदा खात्री करून घेतली. त्यांच्या डोक्यातली कशी पुसायची, हे मात्र ना त्यांना ठाऊक होतं ना मला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "म्हणजे कॅमेरा फुकटच गेला म्हणायचा."

आप्पा एकदम ताठ झाले. "कॅमेऱ्याला नावं ठिवू नगं. त्यानं जे समोर व्हतं तेच दावलं. पैशाला पुरा पडला त्यो. जे नव्हतं ते आपुन दोघांनी क्येलं."

स्वतःची प्रत त्यांनी फाडली होती. सखूबाईची कशी फाडणार? फोटो मी तयार केला एवढं तिला ठाऊक होतं, पण बहिणीचा चेहरा तिला तरी कुठं नीट आठवत होता! तिनं तिच्या प्रतीला चांगली फ्रेम करून आणली होती, भिंतीवर लावून हार घातला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'ही माझी अक्का' म्हणून सांगत होती. तिला आता काय सांगायचं? आप्पांनी सांगितलं नाही. त्यांनी भांडगावला जायचंच सोडलं. पाडवा झाला, नागपंचमी झाली, दिवाळीला सखूबाईचा मुलगा कारेगावला बोलवायला आला, तर ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या वर्षी तो आला नाही. मी एकदा म्हणालो, "आप्पा, अहो, तेवढं एक घर आहे तुम्हाला." ते म्हणाले, "त्या भिंतीखाली बसून मला घास गिळत न्हाई. ती सारखी बघत बसती." त्यानंतर गुरुवारी ते यायचे, पण बोलणं कमी झालं होतं. माझे फ्लेक्सही त्यांनी तपासायचे सोडले.

एका उन्हाळ्यात ते खोलीतच गेले. दोन पाळ्या उलटल्यावर शेजारच्या कामगारांना कळलं. पुतणे आले, त्यांनी सगळं रीतीनं केलं.

दशक्रियेनंतर आठवड्यानं सखूबाई मुलाला घेऊन माझ्या दुकानात आल्या. मी त्यांना फोटोंमध्ये इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यांचे डोळे, नाक, भुवया मला पाठ होत्या, आणि त्या मला पहिल्यांदाच बघत होत्या. पिशवीतून त्यांनी फ्रेममधला तो फोटो काढला आणि आप्पांचं कंपनीचं ओळखपत्र. "पेंटरदादा, दाजींचा आन् अक्काचा जोडीनं एक फोटू करून द्या. जितेपणी न्हाई निघाला, आता तरी ऱ्हाऊ द्यात शेजारी शेजारी."

सांगावं की नाही? मी फ्रेमची काच पुसत राहिलो. त्या आपणहून बोलत होत्या, "अलीकडं लय दिस आलंच न्हाईत वो. माझं काय चुकलं, त्ये बी बोललं न्हाईत. तुमच्यापाशी काय म्हणालं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो. "कंपनीत काम फार होतं त्यांना."

मी कामाला बसलो. ओळखपत्रावरचे म्हातारे आप्पा आणि एकोणीस वर्षांची ती पोरगी, वयाचा मेळ बसेना, म्हणून आप्पांच्या सुरकुत्या उतरवल्या, केस काळे केले, डोक्यावर पटका ठेवला. दोघांना जवळ सरकवलं. सखूबाईंनी छापलेला कागद दोन्ही हातांत धरला आणि पदरानं डोळे पुसले. "कसा शोभतोय बघा जोडा," मुलाला म्हणाल्या. मग मला विचारलं, "अक्काचा फोटू दाजींना आवडला व्हता का वो?"

"फार आवडला होता," मी म्हणालो.

फ्रेम कागदात गुंडाळून दिली. त्या गाडीवर बसून भांडगावला गेल्या. तिथं भिंतीवर आप्पांच्या शेजारी जी बाई आहे ती कुणीच नाही, आणि हे आता जगात एकट्या मला माहीत आहे.