राडोवानचा आडोसा

ओलोमोउत्स शहरात ट्राम चालवणारे पुष्कळ आहेत, पण ब्रेक लावावा तो राडोवान मालिनानेच. उभ्या म्हातारीच्या हातातली कॉफीसुद्धा हिंदकळत नाही. कुणाला धक्का बसलेला त्याला बघवतच नाही, आणि हा चांगुलपणाच शेवटी त्याच्या अंगाशी आला.

शनिवारी दुपारी तो पबच्या मागच्या खोलीत मास्तर असतो. खेळ टेबलावरचा. मास्तर गोष्ट रचतो, राक्षस सोडतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्यात उतरतात, आणि वार बसला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. राक्षस किती दांडगा ठेवायचा, इथे मास्तरची कसोटी. जास्त झाला तर सगळे मरतात, कमी पडला तर जांभया येतात. राडोवानच्या टेबलावर मात्र वर्षानुवर्षं सगळे मरता मरता वाचायचे. मित्र त्याला उस्ताद म्हणायचे. उस्ताद कसला डोंबलाचा! समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून हा गडी राक्षसाचे सतरा पडले की चार सांगायचा.

गेल्या शनिवारी खेळणाऱ्यांतली ब्लाझेना बिअरचे ग्लास घेऊन त्याच्या पाठीमागून आली आणि तिने ते पाहिलं. तेव्हा ती गप्प बसली. आज मात्र आल्या आल्या तिने आडोसा उचलून जमिनीवर टाकला.

"आज सगळं उघड्यावर, राडो."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. आजवर आम्ही एक तरी लढाई स्वतः जिंकलो का रे?"

राडोवानचा चेहरा खाडकन उतरला. शेजारी बसलेला दातांचा डॉक्टर ओटाकार चीजचा तुकडा हातात तसाच धरून बघत राहिला.

"वीतेक गेला ना," राडोवान खाली मान घालून म्हणाला, "त्यानंतरच्या पहिल्याच डावात तुझी लाद्का मरत होती. मला तो आकडा सांगवेना."

वीतेक म्हणजे ब्लाझेनाचा नवरा. लाद्का हे तिचं पात्र, एक तिरंदाज पोरगी. तिचं नाव वीतेकनेच ठेवलेलं.

"तेव्हा केलंस ते बरोबर केलंस. पण मग थांबला का नाहीस? आज पुन्हा लबाडी केलीस तर मी या टेबलावरून कायमची उठले समज."

तिने पबच्या मालकिणीकडून सुके वाटाणे मागून आणले आणि वाडगा मध्यभागी ठेवला. राक्षसाचा जीव म्हणजे हे वाटाणे. वार बसेल तसे काढायचे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"बोहुशची कंबर धरलीय, तो येत नाही," ओटाकार म्हणाला.

"मग सापाचं एक तोंड कमी करतो," राडोवान घाईने म्हणाला. "आजचा राक्षस तो. तिघांसाठी तीन तोंडं ठेवली होती."

"कर. लढाईआधी कमी करणं हे तुझं कामच आहे. लढाईत केलंस तर बघ!"

लढाई जुंपली आणि थोड्याच वेळात राडोवानला आपली चूक कळली. बोहुशचं पात्र वैद्याचं. जखमा बांधायचा तो. वैद्य नसेल तर एक तोंड कमी करून काय होणार? इतकी वर्षं हिशेब चुकला की आडोसा सांभाळून घ्यायचा. आपला राक्षस किती दांडगा असतो, हे उस्तादाला कधी कळलंच नव्हतं.

डुगडुगत्या टेबलावर फासे घरंगळत होते. ओटाकारचा तलवारबाज रक्तबंबाळ झाला. लाद्काने बाण मारून सापाचा डोळा फोडला. वाडग्यात जेमतेम मूठभर वाटाणे उरले. आता पाळी सापाची होती. बारा किंवा वर पडले, तर ज्याच्यावर तो जाईल तो मेला.

"माझ्यावर टाक," ओटाकार पुटपुटला. "मी नवा तलवारबाज करीन."

"साप पळूनही जाऊ शकतो," राडोवान म्हणाला.

"जिंकत असताना?" ब्लाझेनाने विचारलं. "राडो, माझ्याकडे बघ. तो कुणावर जाईल?"

राडोवानने फासा हातात घेतला. मग म्हणाला, "जिने डोळा फोडला तिच्यावर."

त्याने फासा टाकला. तो गडगडत वाडग्याला आपटून थांबला.

"सतरा," राडोवान म्हणाला. "लाद्का गेली."

ओटाकारने आपला फासा टाकला. वार बसला. त्याने एकेक करून उरलेले सगळे वाटाणे काढले. साप मेला. जिंकले होते ते, पण ओरडलं कुणीच नाही, कारण ब्लाझेना रडत होती. मुसमुसून नाही, चांगली हुंदके देऊन.

"माफ कर गं," राडोवान म्हणाला. "मी चुकीचा साप आणला."

"चूप! बरोबर आणलास." तिने बाहीला नाक पुसलं. "वीतेक गेल्यापासून जो तो मला जपतोय. घरी, कामावर, इथे. इतकं जपलंत रे सगळ्यांनी, की मला रडायला जागाच ठेवली नाहीत."

मग ती खाली वाकली, पुठ्ठ्याच्या आडोशाची घडी घातली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली.