हजेरी पूर्ण, राब बाकी

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात माझी शाळा कधी नव्हे ती गच्च भरली. मी नाशिक शहरातला, नोकरी मात्र सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या दोन खोल्यांच्या शाळेत. दिवाळी झाली की तिथली निम्मी माणसं पोराबाळांसकट दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात आणि मी भिंतींना पाढे शिकवतो. त्या मे महिन्यात तीच माणसं चालत परत आली आणि सरकारी हुकमाने चौदा दिवस माझ्या वर्गात कोंडली गेली. मोठमोठे बाप्ये बाराखडीच्या तक्त्याखाली पाय पसरून बसलेले. रोज हजेरी घ्यायची, ताप मोजायचा आणि कुणाला फाटकाबाहेर पडू द्यायचं नाही, ही माझी ड्यूटी. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. वर्षानुवर्षं ज्यांच्या मागे मी हजेरीपट घेऊन फिरलो, ती माणसं आता हाक मारली की 'हजर' म्हणत होती.

त्यांत माझ्याच वयाचा एक शेतकरी होता, बायको आणि तिसरीतल्या मुलीसह. मुलीचं नाव शाळेत ठेवून तो दरवर्षी मुलीला घेऊन जायचा. आदल्या दिवाळीनंतर मी त्याला एसटीच्या थांब्यावर चारचौघांत सुनावलं होतं, "तुझ्यामुळं पोरगी कच्ची राहिली. बसेल पुढल्या साली परत याच वर्गात!" कायद्याने मला त्या वर्गात कुणाला नापास करता येत नव्हतं, पण तोंडाला कोण अडवणार? तो मुलीचा हात धरून एसटीत चढला होता.

तिसऱ्या दिवसापासून त्याने एकच धोशा लावला. "गुरुजी, माझा राब राहिला. सोड मला."

तिकडे गुरुजीलाही 'तू'च म्हणतात. नवा असताना मला ते झोंबायचं.

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं. शेण, पाला, फांद्या, गवत एकावर एक रचून वर माती पसरायची आणि पावसाच्या आधी पेटवून द्यायचं. त्या भाजलेल्या तुकड्यात रोप जोमानं येतं, तण येत नाही. होळीला घरी आला तेव्हा त्याने राब रचून ठेवला होता. पेटवायचा तेवढा बाकी होता. पाऊस आधी आला तर राब भिजणार, रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचा भात नाही. गावातलं कुणी त्याच्या शेताकडे फिरकेना. जणू त्या शेणालाही करोना झाला होता.

"चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस," मी म्हणायचो. मला माझ्याच आवाजात साहेब ऐकू यायचा आणि बरंही वाटायचं.

अकराव्या दिवशी दुपारी डोंगरामागून ढग चढले. तो उठला, फाटकाशी गेला आणि कडीला हात घातला. "मी जातो. तुला कागदावर काय लिहायचं ते लिही." त्याची बायको रडायला लागली. मी घाबरलो. तो बाहेर गेला असता तर मला खरंच लिहावं लागलं असतं, आणि नसतं लिहिलं तर माझ्यावर कुणीतरी लिहिलं असतं.

"थांब," मी म्हणालो, "मी जातो. काडीच लावायची ना?"

ते शेत शाळेच्या खालीच, व्हरांड्यातून दिसणारं. मी मास्क सावरत उतरलो. अख्खी शाळा कुंपणाला येऊन उभी राहिली. वारा जिकडून येत होता तिकडून मी काडी लावली. वाऱ्यानं आग पुढे जाईल, एवढं विज्ञान मी चौथीला शिकवतो. आग गेलीच, भर्रकन. कोपऱ्यातलं वरचं गवत जळालं आणि खालचं शेण तसंच राहिलं.

"तिकडून नाय! वारा जातो त्या टोकाकडून लाव! सावकाश जळू दे, माती भाजू दे!" वरून तो ओरडत होता. "फांदीनं दाब! आधी ते इझव!"

मी फांदी आपटत धावलो. भुवया होरपळल्या. वरती बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि तिसरीतली ती मुलगी सगळ्यांत मोठ्यानं. मला राग यायला हवा होता, पण तेवढी उसंत कुणाला होती? दुसऱ्या टोकाला जाऊन, पोटावर पडून फुंकर मारून मी पुन्हा पेटवलं. तासाभरात राब सावकाश, धुमसत जळत आला. तो वरून एकेक हात सांगत राहिला. इतक्या सबुरीनं मी कधी कुणाला शिकवलेलं नाही.

त्या संध्याकाळी पाऊस आला. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे होतो, ते आत आणि मी अंतर राखून पायरीवर. त्याने नुसती मान हलवली. मला भरून आलं, हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही.

जूनअखेर त्याने मला शेतावर बोलावलं. राबात हिरवंगार रोप दाटलं होतं. एक कोपरा मात्र गवतानं माजला होता, रोपाची काडी शोधावी लागत होती.

"हा तुझा कोपरा," तो म्हणाला. मुलगी शेजारी उभी होती. मग चारचौघांत बोलतात तशा आवाजात त्याने निकाल दिला, "कच्चा राहिलास, गुरुजी. बस पुढल्या साली परत."