अण्णांच्या खोलीतला पंखा

ओतकामाच्या साच्यांची डिझाइन मी घरी बसून करते. मुलगी झाली आणि एमआयडीसीतली नोकरी सुटली, तेव्हा सासऱ्यांनी आपली खालची खोली मला दिली. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. "नोकरी गेली तर जाऊ दे, काम सोडू नगंस," एवढंच बोलले आणि पलंग माडीवर हलवायला लावला. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. ती खोली त्या दोघांची होती, हे मला फार नंतर समजलं.

मागच्या वर्षी अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय पुष्कळसे सावरले, पण वाचा बसली. शिरोळच्या शेतात बांधावरनं हाक मारली की उसाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल, असा त्यांचा आवाज होता. त्यांचं नुसतं ओठ हलवणं बघवत नव्हतं. जिना चढणं जमेना म्हणून पलंग पुन्हा खाली आला. एका भिंतीला अण्णा, समोरच्या भिंतीला मी आणि माझा कॉम्प्युटर.

बोलणं परत यावं म्हणून आठवड्याला एक बाई शिकवायला यायच्या. त्या शब्दांची उजळणी घ्यायच्या आणि जाताना मला बजावायच्या, "शब्द त्यांच्या तोंडात देऊ नका. थांबा. आणि खोली शांत ठेवा."

शांतता तेवढी माझ्या हातात नव्हती. वितळलेलं लोखंड साच्यात कसं पसरेल, आधी कुठं गोठेल, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते. ते सुरू झालं की मदरबोर्डवरचा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदूच, तापायचा आणि त्याच्यावरचा छोटा पंखा मिक्सरसारखा किंचाळायचा. प्रोसेसरसोबत कंपनीनं दिलेला पंखा होता तो.

नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, "मशीनच माडीवर नेऊया." पण माडीवर पत्रा; उन्हाळ्यात तिथं माणूस टिकत नाही, मशीन काय टिकणार? आमचं बोलणं चाललं असताना अण्णांनी मान जोरानं हलवली आणि चांगला हात लांब करून माझ्या खुर्चीची पाठ धरली. विषय तिथंच संपला.

राजारामपुरीत ज्यांच्याकडून मशीन घेतलं होतं, त्या दुकानदारांना विचारलं. दुसरं कुणी असतं तर भारीतला पंखा गळ्यात मारला असता. हे म्हणाले, "वैनी, कंपनीचा पुरतोय की! तापमान हद्दीत हाय, वॉरंटी हाय. उगं कशाला बदलताय?"

त्यांचं बरोबरच होतं. घरी येऊन मी धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली, सेटिंगमध्ये जाऊन पंख्याचा वेग उतरवला. आवाज कमी झाला, पण आता प्रोसेसर तापला की स्वतःच मंद व्हायचा. दुपारी लावलेलं गणित दिवेलागणीपर्यंत रेंगाळायला लागलं आणि तिकडं ओतकाम करणारे फाउंड्रीवाले फोनवर फोन करायला लागले.

मी परत दुकानात गेले. "तापमानासाठी नको, आवाजासाठी पाहिजे," म्हटलं आणि अण्णांचं सांगितलं. दुकानदार म्हणाले, "हे आधी सांगायचं की वो!" आणि त्यांनी धातूच्या पातळ पत्र्यांचा एक उंच कूलर काढून दिला. पत्रे उष्णता पसरवतात, मोठा पंखा सावकाश फिरतो, म्हणून आवाज होत नाही.

रविवारी तो बसवायला नवरा आणि मी बसलो. त्याची एक पट्टी मदरबोर्डच्या मागून लावायची होती, म्हणजे अख्खा बोर्ड बाहेर काढणं आलं. अण्णांच्या पलंगावरच पुठ्ठा अंथरला. अण्णांनी स्क्रूंची वाटी मांडीवर धरली आणि आम्ही मागू तसा एकेक स्क्रू काढून दिला. सगळं जोडून झालं आणि बघतो तर कूलर इतका उंच, की कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण लागेना. नवरा झाकण हातात धरून तसाच उभा. अण्णा एकदम हसले. झटक्यानंतर त्यांच्या घशातून आलेला तो पहिला मोकळा आवाज.

सोमवारी सकाळी झाकण न लावताच गणित लावलं. पंखा फिरत होता, पण कान देऊनच ऐकायला लागत होता. थोड्या वेळानं मागून काहीतरी पुटपुटल्यासारखं वाटलं. 

"पा...णी. खि...डकी. भा...करी."

अण्णा उजळणी करत होते. त्यांचे ओठ हलताना मी कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं, नुसती सवय. माणसं समोर असली की ते लाजून तोंड मिटायचे, आणि मी कामात गुंतले की बोलायला लागायचे. रोज. पंख्याच्या आवाजात ते कुणाच्या कानावरच पडलं नव्हतं.

मी मागं वळले नाही. कीबोर्डवर बोटं तशीच ठेवून ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं एक शब्द अडखळला, "च... चा..."

मी ओठ घट्ट मिटून घेतले. शब्द पुरवायचा मोह फार झाला.

"चा कर की."

चहा उतू गेला, कारण मला शेगडीपाशी नीट दिसत नव्हतं.

आता अण्णा बरंच बोलतात. काही शब्द अजून निसटतात, मग चिडतात, आणि चिडले की नेमका शब्द सापडतो. ज्या माणसानं खोली दिली म्हणून माझं काम टिकलं, त्याचा आवाज त्याच खोलीत परत येताना मला ऐकायला मिळाला. याहून मोठं सुख मला ठाऊक नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, मेहनत अण्णांची. खरं आहे. तरी त्या दुकानदारांना मी दिवाळीला फराळाचा डबा नेऊन दिला.

परवा एका फाउंड्रीवाल्यांशी फोनवर साच्याची जाडी ठरवत होते. मधेच त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं मागं कोण बोलतंय?"

मी सांगायच्या आत पलंगावरनं आवाज आला, "मी बोलतोय! काय काम हाय, पावणं?"