मुखेडची माती आणि आमचं एक्सआरडी

लातूरच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स आणि केमिस्ट्री एकाच व्हरांड्यात समोरासमोर आहेत, आणि दोघांचं फारसं कधी पटलं नाही. मी फिजिक्सचा. केमिस्ट्रीच्या मॅडम माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, मूळ मुखेडकडच्या शेतकरी घरातल्या. डिस्टिल्ड वॉटर कुणी संपवलं, यावरूनसुद्धा आमची जुंपायची.

त्यात टेबलावर मावेल असं एक्सआरडी घ्यायला मंजुरी आली. पावडरीवर क्ष-किरण सोडायचे आणि ते कोणत्या कोनात किती जोरानं परततात, यावरून तिच्यात कोणते स्फटिक आहेत हे ओळखायचं, असं ते यंत्र. तोवर आम्ही नमुने कुरिअरनं बाहेरगावी पाठवायचो आणि आलेखाची वाट बघत बसायचो. प्राचार्य म्हणाले, "यंत्र एकच येणार. दोघं मिळून ठरवा."

पहिल्या कंपनीचं यंत्र बघायला आम्ही उदगीर, बिदर करत हैदराबादला गेलो. माझ्या बॅगेत मी बनवलेल्या फेराइटची, म्हणजे लोखंडाच्या संयुगाची पावडर होती. मॅडमच्या मांडीवर लोणच्याची धुतलेली बरणी. तिच्यात भावाच्या शेतातली काळी माती, वाळवून, कुटून, चाळलेली. काळ्या मातीतल्या चिकणमातीवर त्यांचं सगळं काम होतं.

डेमो देणाऱ्यानं आधी स्वतःच्या डबीतली सिलिकॉनची पावडर लावली. पडद्यावर सुयांसारखी टोकदार शिखरं उभी राहिली. मी तर खूशच झालो. मॅडमनी बरणी पुढे सरकवली.

"हे तुमचं झालं. आता आमचं लावा की."

माती लावली. चिकणमातीचं शिखर अगदी सुरुवातीला, लहान कोनात येतं. तिथं नुसता चढ दिसत होता, शिखर त्यात बुडून गेलेलं.

"सॉफ्टवेअरनं पार्श्वभूमी वजा केली की दिसेल, मॅडम," तो म्हणाला.

"वजा करून नको. यंत्राला दिसतंय का, ते सांगा."

त्यानं बरणीला झाकण लावून ती परत दिली. माझी फेराइट मात्र तिथं झकास आली. परत येताना गाडीत मी यंत्राचं कौतुक करत होतो, मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. तेवढ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. मॅडम त्याला म्हणाल्या, "अरे, आपल्या मातीचं पीकच दिसंना." प्रयोगशाळेत शिखराला आम्ही इंग्रजीतलं 'पीक' म्हणतो. तो बिचारा घाबरून म्हणाला, "आक्का, सोयाबीन तर चांगलं हाय की!" मॅडम इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या कंपनीचं यंत्र नांदेडच्या एका कॉलेजात आधीच बसलेलं होतं. तिथं विकणारं कुणी नव्हतं, रोज वापरणारे एक सर होते. त्यांनी आधी तक्रारीच सांगितल्या. उन्हाळ्यात एसी बंद पडला की हे रुसतं. लाइट कमीजास्त होते, म्हणून मोठा यूपीएस घ्याच. पण थंड करायला बाहेरून पाणी लागत नाही. लातूरच्या माणसाला हे शेवटचं वाक्य वेगळं समजवावं लागत नाही. आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली.

माती लावली. सरांनी नमुन्यावर एक पातळ पाती खाली आणली; भरकटणारे किरण ती अडवते. सुरुवातीलाच एक बुटकं, रुंद शिखर वर आलं. मॅडम खुर्चीतून उठल्याच. "आलं की हो! लई ग्वाड दिसायलंय."

मग माझी फेराइट. तिची शिखरं गवतातून डोकावल्यासारखी दिसत होती. लोखंडामुळं मागचा गोंधळ फार. माझं तोंड उतरलं. पण म्हटलं, पाणी लागत नाही, माती दिसते, आपलं आपण बघून घेऊ.

"असू द्या. हेच घेऊ," मी म्हणालो.

"का म्हणून असू द्या?" मॅडम माझ्यावरच घसरल्या. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "डिटेक्टरची सेटिंग बदलता येते ना? बदला. आणि सावकाश चालवा. आम्ही बसतो."

सेटिंग बदलली. लातूरची गाडी स्टँडवरून निघून गेली असेल तेव्हा आम्ही त्या प्रयोगशाळेत बसलो होतो. मॅडमनी पिशवीतून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. यंत्राजवळ खायचं नाही म्हणून व्हरांड्यात गेलो आणि आळीपाळीनं आत येऊन पडदा बघत राहिलो. हळूहळू गवत खाली बसलं, शिखरं उघडी पडली. हैदराबादइतकी देखणी नव्हती, पण माझ्या कामाला पुरेशी होती.

"बघा, दिसतंय. जरा धीर धरावा लागतो," मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या पावडरीसाठी त्यांनी अर्धा दिवस घालवला होता, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

तेच यंत्र घेतलं. क्ष-किरणांचा परवाना, खोली, वायरिंग यात बरेच महिने गेले. शेवटी ते आलं तेव्हा त्याला फिजिक्सची खोली मिळाली आणि किल्ली केमिस्ट्रीकडे राहिली. किल्लीवरून आम्ही अजूनही भांडतो. फक्त आता भांडण संपलं की मॅडम म्हणतात, "चला, च्या घेऊ," आणि मी मुकाट्यानं जातो.